प्यादं एकच घर का चालायचं?

वाशी-पनवेल लोकलमध्ये कानात इअरफोन आणि मोबाइलवर चेस सुरू असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच. घरातल्या एखाद्या आजोबांबरोबर खेळताना तुम्ही प्यादं पहिल्याच चालीत दोन घरं पुढं टाकलंत आणि ते म्हणाले, “ए, असं चालत नाही!” असं झालंय का कधी? ते चिडके नव्हते हो. त्यांचा खेळच वेगळा होता.

आपल्याकडच्या जुन्या बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. दोन घरांची उडी ही युरोपातली सुधारणा, खेळ लवकर रंगावा म्हणून आणलेली. आता त्या उडीमुळे प्यादं शेजारच्या प्याद्याचा मारा चुकवून सटकू लागलं, म्हणून ‘आं पासां’ हा नियम आला. अॅपवर पहिल्यांदा तो बघून तुम्हाला बग वाटला असेल, तर त्याचं कारण हे. उडीच नाही तिथं आं पासांची गरजच काय?

किल्लेकोटही नव्हता. त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची चाल मिळायची, तीही तोवर शह बसला नसेल तर. आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की थेट वजीर? छे! हत्तीच्या पट्टीत पोचलं तर हत्ती, उंटाच्या पट्टीत उंट. वजीर हवा तर वजिराच्या किंवा राजाच्या पट्टीतून जायचं. म्हणजे शेवटाचा हिशेब दहा चाली आधी मांडायचा. मला तर हा नियम आजच्यापेक्षा जास्त चतुर वाटतो. बऱ्याच ठिकाणी समोरच्याचा राजा एकटा उरला की डाव पूर्ण जिंकलेला धरत नसत, म्हणून जिंकणाराच त्याचं एखादं मोहरं जपायचा! प्याद्यानं मात केली तर मान मोठा. ‘प्यादेमात’ हा शब्द आपल्याकडे तिथूनच आला. (शह-काटशह तर रोज बातम्यांत असतोच.)

मग हे नियम गेले कुठं? १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. मूळ संस्कृत, नाव ‘विलासमणिमंजरी’. इंग्रजी पुस्तकाच्या नावातच लिहिलंय की हे डाव युरोपी पद्धतीला जुळवून घेतलेत. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी, खाडीपलीकडच्या मुंबईत, आपल्या शास्त्र्याला साहेबाच्या नियमांत बसावं लागलं. राज्य कोणाचं, नियम कोणाचे, हे पटावरही दिसतं.

याची किंमत कोणी मोजली, तर पंजाबच्या सुलतान खानांनी. ते देशी नियमांवर वाढले. १९२९ मध्ये उमर हयात खान यांच्याबरोबर इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेतेपद जिंकलं. पुन्हा १९३२ आणि १९३३ ला. हेस्टिंग्जला तर कापाब्लांकाला हरवलं! पण डावाची सुरुवात त्यांची कायम कच्ची राहिली. कशी नसेल? तिकडची पोरं लहानपणापासून दोन घरांच्या उडीवर सुरुवात पाठ करत होती, आणि हे मधल्या खेळात स्वतःच्या डोक्यानं भरपाई करत होते. त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला २०२४ मध्ये. मृत्यूनंतर.

इकडे १९५१ मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. १९५५ मध्ये एलुरूला राष्ट्रीय स्पर्धा भरली, आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. नियम अर्थातच आंतरराष्ट्रीय. घराघरांत मात्र जुना खेळ बराच काळ टिकला. तुमच्या घरी अजून कोणी खेळत असेल, तर नियम विचारून घ्या आणि व्हॉइस नोट पाठवा, गावाच्या नावासकट. कारण गावोगावी ते थोडे बदलायचे.

पुढच्या भागात दुसरा वाद: पटासमोर बसायचं कोणी? १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, आणि जो गहजब झाला तो थेट जागतिक संघटनेपर्यंत गेला. ऐकायला या.