कागदी टर्की आणि आपला शुकराना

गेल्या नोव्हेंबरात अमेरिकेत राहणाऱ्या मावसबहिणीने तिच्या मुलाचा शाळेतला फोटो पाठवला. मुलगा दुसरीत आहे. कागदावर पंजा ठेवून त्याने कडेने रेघ ओढली होती. अंगठ्याला डोळा आणि चोच, चार बोटांना चार रंग, की झाली टर्की. डोक्यावर पुठ्ठ्याची पट्टी आणि तिच्यावर कागदी पिसे. खाली बहिणीने लिहिले होते, "भाई, आज शाळेत थँक्सगिव्हिंग."

शिक्षकाला अशी गोष्ट दिसली की ती वर्गात करून बघाविशी वाटते. मी मुलांकडून पंजाचा मोर करून घेतला. पण ती पिसांची पट्टी डोक्यातून जाईना, म्हणून तिचा इतिहास वाचला.

थँक्सगिव्हिंग म्हणजे आपल्या भाषेत शुकराना. 1621 च्या शरद ऋतूत, आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्लिमथ वसाहतीत इंग्रजांच्या हाती पहिले पीक आले. सोबत आलेल्यांपैकी जवळपास निम्मी माणसे पहिल्याच हिवाळ्यात दगावली होती. उरलेल्यांना मका कसा लावायचा हे टिस्क्वांटम नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशाने शिकवले. पीक आल्यावर वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे 90 माणसांसह आला आणि सगळे तीन दिवस एकत्र जेवले. अमेरिकेतल्या शाळांमध्ये वर्षानुवर्षे सांगितली जाणारी गोष्ट साधारण इथेच संपते.

खरा इतिहास पुढे चालतो. 1675 मध्ये मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम आणि वसाहतवाले यांच्यात युद्ध पेटले. पुढच्या वर्षी मेटाकॉम मारला गेला आणि त्याचे शिर प्लिमथमध्ये खांबावर लावून ठेवले गेले. अनेक मूळ रहिवाशांना गुलाम म्हणून विकले. पुढे सारा जोसेफा हेल या संपादिकेने राष्ट्रीय शुकरान्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि 1863 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी तसा दिवस जाहीर केला. शाळांत टोप्या, पिसे आणि टर्की आली. गंमत अशी की पिसांचा तो मोठा टोप वाम्पानोआग लोकांचा नव्हेच. तो दूरच्या मैदानी प्रदेशातल्या जमातींचा. 1970 मध्ये वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग माणसाला एका सरकारी समारंभात भाषणाला बोलावले, पण त्याने लिहिलेले खरे भाषण आयोजकांना चालले नाही. त्याने थँक्सगिव्हिंगच्या दिवशीच प्लिमथमध्ये शोकदिन पाळला. तो आजही पाळला जातो.

हे वाचताना मला माझीच कात्री आणि डिंकाची बाटली आठवली. 26 जानेवारीच्या 'विविधतेत एकता' कार्यक्रमासाठी मी कित्येक वर्षे पुठ्ठ्याची लाल तुर्की टोपी बनवत आलो आहे. काळा गोंडा, अचकन, चिकटवलेली दाढी, म्हणजे झाला मुसलमान. आमच्या भिवंडीत मराठीचीच बोली घरात बोलणारे कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या राहतात, उत्तरेतून आलेली विणकर मोमीन घराणी राहतात. ती टोपी यांपैकी कोण घालतो? आमचीच मुले ती घालून मंचावर उभी राहतात आणि आम्ही टाळ्या वाजवतो. तिकडची पिसे आणि इकडचा गोंडा यांत फरक तो काय?

म्हणून वर्गातून हस्तकला काढून टाकायची का? मुळीच नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जामिया मिल्लियाचे कुलगुरू आणि पुढे 1967 मध्ये भारताचे राष्ट्रपती झालेले. समितीने सांगितले की सात वर्षांचे शिक्षण मोफत आणि मातृभाषेत द्या, आणि ते सूतकताईसारख्या एखाद्या उद्योगाभोवती गुंफा. मुस्लिम लीगने या योजनेला कडाडून विरोध केला. मुलांचे मजूर होतील अशी भीतीही अनेकांना होती. कमाईच्या नादात शिक्षण मागे पडू नये, हा इशारा खुद्द समितीच्या अहवालातही होता. योजना फार टिकली नाही. टकळी वर्गातून गेली आणि बडबडीच्या वाक्प्रचारात तेवढी उरली. तरी त्यातला विचार मला आजही पटतो. मुलाच्या हाताने जे घडते त्यातून त्याला खरे जग कळले पाहिजे.

म्हणून यंदा कार्यानुभवाच्या तासाला चौथीच्या वर्गात एक खेळ घेतला. साहित्य म्हणजे फक्त सुताचा गुंडा आणि चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांवर लिहिले कापूस पिकवणारा शेतकरी, सूतगिरणी कामगार, सायझिंगवाला, कांडी भरणारा, मागवाला, जॉबर, घडीवाला, हमाल, शिंपी. मुले गोल उभी राहिली. ज्याच्याकडे गुंडा येईल त्याने आपले काम सांगायचे, ज्याने गुंडा दिला त्याला शुक्रिया म्हणायचे, सुताचे टोक धरून ठेवायचे आणि गुंडा पुढे द्यायचा. शेवटी मधोमध जाळे तयार झाले. मग एकाला हात सोडायला सांगितले. जाळे लगेच सैल पडले. का पडले, हे मला समजावून सांगावे लागले नाही.

तेवढ्यात मागवाल्याची चिठ्ठी मिळालेला मुलगा म्हणाला, "सर, माझे अब्बा खरंच माग चालवतात. रात्रपाळी करतात." वर्गातल्या आणखी सात-आठ मुलांनी हात वर केले. त्यांच्या अब्बांच्या कामाबद्दल इतक्या वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते.

त्या दिवशीचा गृहपाठ एका ओळीचा होता. घरी जो कष्ट करतो त्याला शुक्रिया म्हणा आणि तो काय करतो ते नीट विचारून लिहून आणा. तुर्की टोपी कपाटातून काढून टाकली आहे. येत्या 26 जानेवारीला मुले मंचावर आपापल्या घरच्या कपड्यांत येतील आणि त्यांनी लिहून आणलेलेच वाचतील.