थायरॉइड : बऱ्या झालेल्या रुग्णांना परत बोलावण्याची गोष्ट

आजचा विषय थायरॉइड ग्रंथी. सकाळी रिकाम्या पोटी ती बारीकशी गोळी घेणारं कुणी ना कुणी तुमच्या ओळखीत निघेलच. त्या गोळीमागचं ज्ञान आलं कुठून? आपली साधारण समजूत अशी असते की आधी प्रयोगशाळेत ग्रंथीचं कार्य कळलं आणि मग ते दवाखान्यात पोचलं. प्रत्यक्षात क्रम बराचसा उलटा होता, आणि त्या उलट्या क्रमात एका अत्यंत निष्णात सर्जनच्या हातून झालेलं मोठं नुकसान आहे. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, डॉक्टर नव्हे. तेव्हा मला खरा रस आहे तो ‘हे त्यांना कळलं कसं?’ या प्रश्नात.

स्वित्झर्लंडमध्ये, आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत, गलगंड पिढ्यान् पिढ्या होता. तिथल्या माती-पाण्यात आयोडीन कमी, हे आपण आज सांगतो. गाठ वाढत गेली की श्वासनलिकेवर दाब यायचा आणि माणूस गुदमरायचा. त्याच दऱ्यांत ‘क्रेटिन’ म्हटली जाणारी माणसंही दिसत. वाढ खुंटलेली, बुद्धी मंद, चेहरा सुजलेला. या दोन गोष्टींचा संबंध काय, हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. गाठ कापून काढावी तर तिथं रक्तवाहिन्यांचं जाळं. रुग्ण टेबलावरच दगावण्याची भीती. म्हणून बहुतेक सर्जन त्या वाटेला जात नसत.

थिओडोर कोखर १८७२ साली, जेमतेम एकतिसाव्या वर्षी, बर्न इथे शल्यचिकित्सेचा प्राध्यापक झाला. लिस्टरची जंतुनाशक पद्धत त्यानं काटेकोर पाळली. एकेक रक्तवाहिनी बांधून, सावकाश, जवळजवळ रक्त न सांडता तो ऑपरेशन करायचा. त्याच्या सुरुवातीच्या शंभरेक गलगंड-शस्त्रक्रियांत मृत्यूचं प्रमाण तेरा टक्क्यांच्या आसपास होतं. पुढे ते एक टक्क्याच्याही खाली गेलं. प्रौढ माणसाला या ग्रंथीची फारशी गरज नसते असा समज होता. मग अर्धी ठेवून गलगंड पुन्हा उगवू द्यायचा कशाला? कोखर सबंध ग्रंथी काढू लागला.

१८७४ च्या जानेवारीत त्यानं अकरा वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. ऑपरेशन उत्तम झालं. काही महिन्यांनी तिच्या गावच्या डॉक्टरचं पत्र आलं, की मुलगी बदललीय, मंद झालीय. पत्र आलं आणि राहिलं. यात कोखर विशेष निष्काळजी होता असं मी म्हणणार नाही. जखम भरली, श्वास मोकळा झाला, रुग्ण घरी गेला की सर्जनचं काम संपलं, अशीच तेव्हाची रीत होती. (ती आज पूर्ण गेलीय का, हे तुम्हीच ठरवा.)

पुढे १८८२ च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हाचा सर्जन जाक-लुई रेव्हेरदँ त्याला भेटला आणि म्हणाला, संपूर्ण ग्रंथी काढलेल्या माझ्या काही रुग्णांची तब्येत नंतर विचित्रपणे ढासळलीय. तेव्हा कोखरला ते जुनं पत्र आठवलं. त्यानं आपल्या ‘बऱ्या झालेल्या’ रुग्णांना तपासणीसाठी परत बोलावलं. ती मुलगीही आली. ऑपरेशनच्या वेळी तिची धाकटी बहीण उंचीला आणि चेहऱ्यानं हुबेहूब तिच्यासारखी होती. लोकांची गल्लत व्हायची. आता ती बहीण वाढून छान तरुणी झाली होती, आणि ही मात्र तेवढीच राहिली होती. बुटकी, सुजलेली, क्रेटिनसारखी.

या दोन बहिणींपाशी जरा थांबू या. आपल्या न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असेल तिथं कार्य, नसेल तिथं कार्याचा अभाव. घर एक, पाणी एक, आईबाप एक. फरक फक्त ग्रंथीचा. असा प्रयोग कुणी मुद्दाम आखला असता तर आपण त्याला राक्षस म्हटलं असतं. इथे तो उपचार म्हणून घडला, आणि मुलीला परत बोलावलं म्हणूनच तो ‘दिसला’.

संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांपैकी अठरा जण तपासणीला आले. त्यांतल्या सोळांत कमी-अधिक हीच लक्षणं होती. एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन सर्जनांच्या सभेत कोखरनं हे सगळं स्वतः उभं राहून सांगितलं, आणि गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. गंमत अशी की कारण मात्र त्यानं चुकीचं दिलं होतं. श्वासनलिकेला इजा होऊन शरीराला प्राणवायू कमी पडतो, असं त्याला वाटत होतं. निरीक्षण बिनचूक, स्पष्टीकरण चूक. विज्ञानाच्या इतिहासात ही जोडी फार वेळा भेटते.

अमेरिकन सर्जन हॉलस्टेडनं पुढे एक मार्मिक मुद्दा मांडला. व्हिएन्नाचा बिलरोथही ही ऑपरेशनं करायचा, पण त्याच्या रुग्णांना मिक्सिडीमा क्वचित व्हायचा. त्यांना व्हायचे हातापायांचे झटके. असं का? कोखर नेटका, ग्रंथीचा कणही मागे ठेवायचा नाही, पण आजूबाजूच्या भागाला धक्का लावायचा नाही. बिलरोथचा हात वेगवान; तो थायरॉइडचे तुकडे मागे सोडायचा, आणि शेजारच्या पॅराथायरॉइड नावाच्या चिमुकल्या ग्रंथी त्याच्या हातून निघून जायच्या. त्यांचं काम तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे दोन सर्जनांच्या हातांच्या सवयींतून दोन वेगवेगळ्या ग्रंथींचे विकार वेगळे झाले! आणि संपूर्ण ग्रंथी काढणाऱ्याच्या बाबतीत तर हात जितका सफाईदार, तितका रुग्णाचा घात मोठा.

आता मिक्सिडीमा हा शब्द मी वापरला, तो इंग्लंडचा. विल्यम गल यानं १८७३ मध्ये प्रौढ बायकांत आपोआप येणारी अशीच अवस्था वर्णन केली होती. विल्यम ऑर्डनं काही वर्षांनी तिला हे नाव दिलं. १८८३ च्या अखेरीस फेलिक्स सीमननं लंडनच्या क्लिनिकल सोसायटीत सांगितलं, की क्रेटिनपणा, मिक्सिडीमा आणि कोखरच्या रुग्णांची अवस्था, तिन्ही एकच आहेत, थायरॉइडचा अभाव. लोक हसले. पण सोसायटीनं समिती नेमली. व्हिक्टर हॉर्सलीनं माकडांच्या ग्रंथी काढून पाहिल्या. १८८८ मध्ये जाडजूड अहवाल आला आणि सीमन बरोबर ठरला.

प्रयोगशाळा आधी कुठं होती? तीही होती. मोरित्झ शिफ यानं १८५० च्या दशकात कुत्र्यांच्या ग्रंथी काढल्या होत्या आणि कुत्री मेली होती. पण ग्रंथी गेल्यामुळे मेली की जखमेमुळे, कोण सांगणार? कोखरच्या अहवालानंतर शिफ पुन्हा कामाला लागला. कुत्र्याची ग्रंथी काढण्याआधी दुसऱ्या कुत्र्याची ग्रंथी त्याच्या पोटात बसवली, तर ते तगायचं. जुन्या प्रयोगाला आता प्रश्न मिळाला होता.

उरलं ‘परत देऊन पाहणं’. इथे एक अडचण होती, आणि तिचं नाव ब्राउन-सेकार्द. पॅरिसचा हा नामवंत शरीरशास्त्रज्ञ. १८८९ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, त्यानं कुत्रे आणि गिनिपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचला आणि तारुण्य परतल्याचं जाहीर केलं. माझ्या वयाच्या माणसाला या प्रयोगाचा मोह समजतो. पण त्या पाणीदार अर्कात परिणाम करण्याइतकं संप्रेरक असणं शक्य नव्हतं. वृषण ते साठवून ठेवत नाहीत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तसंही नाही हे. फांदी मोडलीच नव्हती, मोडावी ही इच्छा होती.

दोनच वर्षांनी न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचायचा विचार मांडला, तेव्हा एका ज्येष्ठानं टोमणा मारला, की मग पाठीच्या कण्याच्या रोगाला मज्जारज्जू घोटून द्या! टोमणा अगदीच अडाणी नव्हता. बाहेरून पाहिलं तर ब्राउन-सेकार्द आणि मरे यांची कृती एकच. फरक दोन ठिकाणी होता. एक तर थायरॉइड आपला रस खरोखरच साठवून ठेवते. हे मरेला माहीत नव्हतं, ते त्याचं नशीब. दुसरा फरक कमावलेला होता. त्याच्यामागे सोळा बिघडलेले रुग्ण, हॉर्सलीची माकडं आणि शिफची कुत्री होती. काय परत यायला हवं, हे त्याला आधीच ठाऊक होतं. बोलणं, घाम, शरीराची ऊब.

१८९१ मध्ये त्यानं शेहेचाळीस वर्षांच्या एका बाईवर उपचार सुरू केला. काही आठवड्यांत सूज उतरली, बोलणं भराभर होऊ लागलं, त्वचेला घाम येऊ लागला. वर्षभरातच इतर डॉक्टरांनी दाखवून दिलं की इंजेक्शनचीही गरज नाही, ग्रंथी खाल्ली तरी चालते. फॉक्स नावाच्या डॉक्टरनं तर ती हलकी तळून, बारीक करून, करंट फळाच्या जेलीबरोबर आठवड्यातून एकदा खायची पाककृतीच दिली. शुद्ध थायरॉक्सिनचे स्फटिक एडवर्ड केंडॉलला मिळाले ते थेट १९१४ च्या नाताळात. आणि ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंगनं वापरला तोही १९०५ मध्ये, म्हणजे उपचार सुरू होऊन चौदा वर्षं झाल्यावर.

कोखरला १९०९ चं नोबेल मिळालं. मरेची ती रुग्ण १९१९ पर्यंत जगली, चौऱ्याहत्तर वर्षांची होऊन गेली. मरेनं तिचा शेवटपर्यंत माग ठेवला आणि हिशोबही मांडला. अठ्ठावीस वर्षांत तिला लागलेल्या अर्कासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी वापरल्या गेल्या होत्या.