पोलादी महिला

पोलादी महिला : कणखर, सहसा माघार न घेणाऱ्या स्त्री राजकीय नेत्याला दिले जाणारे टोपणनाव. ब्रिटनमधील तत्कालीन विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर (पहा : थॅचर, मार्गारेट) यांनी 19 जानेवारी 1976 रोजी लंडनमध्ये सोव्हिएट लष्करी सामर्थ्यवाढीवर टीका करणारे भाषण केले. त्यावर सोव्हिएट लष्कराच्या ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या दैनिकाने 24 जानेवारीला त्यांना हे नाव ठेवले. हेतू हिणवण्याचा होता; थॅचर यांनी मात्र 31 जानेवारीला आपल्या फिंचली मतदारसंघातील भाषणात ते उघडपणे मिरवले. फॉकलंड युद्ध (1982) व खाणकामगारांचा संप (1984-85) यांमुळे ते अधिक दृढ झाले. इस्राएलच्या गोल्डा मेयर, लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सरलीफ यांनाही ते लावले जाते.

भारतात आरंभी ‘गूंगी गुडिया’ म्हणून हिणवल्या गेलेल्या इंदिरा गांधी (पहा : गांधी, इंदिरा) 1971 च्या युद्धानंतर पोलादी ठरल्या. एरवी भारतीय टोपणनावे बहुधा नात्यांची : जयललिता ‘अम्मा’, मायावती ‘बहनजी’, ममता बॅनर्जी ‘दीदी’. महाराष्ट्रात मृणाल गोरे यांचे नाव मात्र कामावरून पडले. गोरेगावातील पाणीप्रश्नावरील आंदोलनांमुळे त्या ‘पाणीवाली बाई’ झाल्या आणि 1977 मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या.