अळी गेली कुठे?

फुलपाखराचं अख्खं आयुष्य चाळीस सेकंदांत दाखवणारी एखादी रील तुम्ही पाहिलीच असेल. मोत्यासारखं अंडं, पान कुरतडणारी अळी, फांदीला लटकलेला कोश, आणि मागे संगीत चढत असताना ओलसर पंख उलगडणारं फुलपाखरू. मला या रील आवडतात. पण त्यांतल्या बहुतेकांमध्ये अळी डब्यात असते. आयतं पान, मागे काळा कागद, समोर स्टँडवर फोन. ऊन नाही, पाऊस नाही, शेजारीपाजारी नाहीत.

डब्यातलं पाहणं खोटं नसतं. ते अपुरं असतं. आणि अपुरं पाहिल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे इंग्लंडमधल्या एका निळ्या फुलपाखराच्या इतिहासात दिसतं.

त्याचं नाव लार्ज ब्लू. जून-जुलैमध्ये उडतं आणि रानटी थाइमच्या कळ्यांवर अंडी घालतं. थाइम म्हणजे आपल्या ओव्याच्या वासाची आठवण करून देणारं, जमिनीलगत पसरणारं झुडूप. अंड्यातून अळी निघते, दोन-तीन आठवडे फुलं खाते, कात टाकत राहते आणि एके दिवशी खाली उतरून गायब होते. थेट पुढच्या उन्हाळ्यात फुलपाखरू हजर. मधल्या दहाएक महिन्यांचा पत्ताच नाही.

एफ. डब्ल्यू. फ्रोहॉक हा चित्रकार आणि कीटक-अभ्यासक या कोड्यामागे अनेक वर्षं होता. ब्रिटनमधल्या प्रत्येक फुलपाखराची अंड्यापासूनची कहाणी त्याला स्वतः पाहून लिहायची, रंगवायची होती. लार्ज ब्लूच्या अळ्या त्याने पाळल्या. पण शेवटची कात टाकली की त्या थाइमला तोंड लावेनात. डब्यात नुसत्या भटकत राहायच्या आणि मरायच्या.

त्याच काळात लंडनमध्ये पर्सी स्मिथ कॅमेऱ्याशी झटत होता. ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत त्याने कळीचं फूल होताना पडद्यावर दाखवलं. 1910 सालच्या त्या फिल्मचं नाव ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’. आज आपल्या फोनमध्ये टाइम-लॅप्स नावाचं जे बटण असतं, त्याच्या पूर्वजांपैकी ही एक. संथ गोष्ट वेगाने दाखवायची युक्ती माणसाला सापडली होती. पण जी गोष्ट जमिनीखाली घडते, तिच्यापुढे कॅमेरा कुठे लावायचा?

उत्तर मिळालं ते 1915 मध्ये. डॉ. टी. ए. चॅपमन यांना थाइमचं झुडूप उपटताना मुंग्यांच्या वारुळात लार्ज ब्लूची अळी सापडली. तिच्या पोटातलं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यात मुंग्यांच्या पिल्लांचे अवशेष! फुलं खाणारी अळी मांसाहारी झाली होती.

मग कॅप्टन पुरफॉय यांनी केंटमध्ये प्रयोग मांडला. अक्रोडाच्या अर्ध्या कवचात लाल मुंग्यांची वस्ती वसवली आणि तिथे अळी सोडली. सगळं नाटक उलगडलं. अळी जमिनीवर पडते. मुंगीला ती सापडते. अळीच्या पाठीवरच्या ग्रंथीतून गोड थेंब येतो, तो मुंगी चाटते. मग अळी अंग असं फुगवते, की मुंगीला वाटावं हे आपलंच हरवलेलं पिल्लू. मुंगी तिला तोंडात धरून घरी नेते. पाहुणी तिथे यजमानांची पिल्लं खात दहाएक महिने राहते, तिथेच कोश करते आणि पंख उलगडायच्या आधीच चालत वर येते. फ्रोहॉकच्या 1924 सालच्या ग्रंथात ही कहाणी आली. कोडं सुटलं, असं सगळ्यांना वाटलं.

पण फुलपाखरं कमी होतच राहिली. दोष संग्राहकांवर गेला, कारण ते जाळी घेऊन येत आणि डझनांनी मारून नेत. मग काही जागा राखीव झाल्या, एका प्रसिद्ध जागेला तर कुंपण पडलं. त्याने संग्राहक बाहेर राहिले, आणि गुरं-मेंढ्याही. गवत वाढलं. 1950च्या दशकात मिक्झोमॅटोसिस या रोगाने ससेही प्रचंड संख्येने मेले. गवत आणखी वाढलं. राखलेल्या जागांवरूनही निळे पंख नाहीसे झाले.

1972 पासून जेरेमी थॉमस हा तरुण संशोधक डार्टमूरजवळच्या उरल्यासुरल्या वस्तीवर उन्हाळेच्या उन्हाळे ठाण मांडून बसला. अंडी मोजली, अळ्या मोजल्या, मुंग्या ओळखल्या. तेव्हा कळलं की ‘लाल मुंगी’ ही एक जात नाहीच. दिसायला सारख्या अनेक जाती आहेत. अळीला उचलून नेतात त्यातल्या बऱ्याच, पण ती चांगली तगते एकाच जातीच्या वारुळात: मिर्मिका सॅब्युलेटी. या मुंगीला तापलेली जमीन लागते. गवत अगदी आखूड चरलेलं असेल तरच ऊन मातीपर्यंत पोचतं. गवत थोडं वाढलं की माती गार होते आणि दुसऱ्या मुंग्या जागा घेतात.

म्हणजे या फुलपाखराच्या जीवनचक्रात अंडं, अळी, कोश यांच्याइतकीच मेंढीही होती. अक्रोडाच्या कवचात ती दिसणं शक्य नव्हतं.

हे कळेपर्यंत उशीर झाला. 1979 मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नामशेष झालं. मात्र 1983 पासून स्वीडनमधून अळ्या आणून, आधी चराई आणि मुंग्यांची घडी बसवून, ते पुन्हा वसवलं गेलं. आज सॉमरसेटमधल्या कॉलर्ड हिलवर लोक ते पाहायला जातात. 2005 मध्ये बीबीसीच्या ‘लाइफ इन द अंडरग्रोथ’ मालिकेने याच कुळातल्या अल्कॉन ब्लूची अळी मुंग्यांच्या वारुळात दाखवली. चॅपमननंतर नव्वद वर्षांनी तो अंधार घराघरांतल्या पडद्यांवर पोचला.

आपल्याकडेही अळ्या पाळून पाहणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. साताऱ्यात जन्मलेला ई. एच. एटकेन, कलेक्टर डेव्हिडसन आणि वनाधिकारी टी. आर. बेल या तिघांनी कारवार भागात अळ्या वाढवल्या, त्यांची खाद्यझाडं नोंदवली आणि 1890च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात ते छापलं. कोणत्या झाडावर कोण वाढतं, याच्या आजच्या माहितीचा पाया तिथे आहे.

त्या पायावर पुढचं काम फोनवाल्यांचं आहे, असं मला वाटतं. बोरीच्या पानावर मुंग्या एकाच ठिकाणी घुटमळताना दिसल्या, तर जवळ जाऊन पाहा. बरेचदा त्यांच्यामध्ये छोट्या निळ्या फुलपाखराची चपटी हिरवी अळी असते. तिला डब्यात घालू नका. फांदीवरच राहू द्या आणि रोज त्याच वेळी दोन मिनिटं शूट करा. कोणत्या मुंग्या येतात, कोणती गांधीलमाशी घिरट्या घालते, शेळी कुठपर्यंत पाला ओरबाडते, सगळं येऊ द्या चौकटीत. कदाचित पाचव्या दिवशी अळी नसेल, आणि रील अपुरी राहील. लाइक कमी मिळतील. पण ती कुठे गेली असेल हा प्रश्न तुमच्याकडे राहील. फ्रोहॉककडेही सुरुवातीला तेवढाच होता.