एअरगन, घरगुती

एअरगन, घरगुती : दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा फेकणारी, घरी किंवा गल्लीतल्या लेथवर बनवलेली बंदूक. परसातले उंदीर, घुशी, पारवे, खारी आणि पिकावर उतरणारी पाखरे व माकडे मारण्यासाठी किंवा हुसकावण्यासाठी तिचा वापर होतो. तिला बंदुकीची दारू लागत नाही, आवाज बेताचा असतो, छर्रे स्वस्त मिळतात. त्यामुळे अनेक देशांत ती हत्यार न मानता कुदळ-फावड्यासारखे अवजार मानली गेली. तिच्या बाबतीतले बहुतेक घोटाळे या समजातूनच निघाले आहेत.

तत्त्व जुने व सोपे आहे. बस्तरमध्ये जगदलपूरच्या गोंचा उत्सवात रथयात्रेच्या वेळी ‘तुपकी’ उडवतात. ती बांबूची पोकळ नळी असते. तिच्या पुढच्या तोंडाशी पेंग नावाचे हिरवे फळ घट्ट बसवतात आणि मागून दुसरे फळ दांडीने रेटतात. मधली हवा दबते आणि पुढचे फळ फट्कन सुटते. पोलादी एअरगनमध्ये याच हवेला अधिक कोंडलेले असते. जत्रेतली फुगे फोडायची बंदूक मधोमध दुमडली की आतली कमान दबते. चाप ओढताच दट्ट्या पुढे धावतो आणि छर्रा सुटतो. दुसऱ्या प्रकारात हातपंपाने टाकीत हवा भरतात. तिसऱ्यात टाकी आधीच सुमारे 200 बार दाबाने भरलेली असते. मोटारीच्या चाकात सव्वादोन-अडीच बार हवा असते, एवढे ध्यानात घेतले तर हौशी माणसाने घरी जोडलेल्या टाकीजवळ कान नेऊ नये हे वेगळे सांगायला नको. टाकीसाठी घेतलेल्या प्लास्टिकच्या पाइपावर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. पाणी जवळपास दबत नाही, म्हणून पाइप तडकला की ते गळून जाते. दबलेली हवा मात्र साठवलेली सगळी ऊर्जा एका क्षणात सोडते आणि पाइपाच्या कपच्या उडतात.

छर्रा हाताच्या बोटावर ठेवून पाहावा. साधारण 4.5 किंवा 5.5 मिलिमीटर व्यासाचा, कमरेत बारीक, मागे पोकळ घेर. हवेचा धक्का बसला की तो मऊ शिशाचा घेर फुलून नळीच्या आट्यांना चिकटतो. त्यामुळे हवा निसटत नाही आणि छर्रा गिरकी घेत सरळ जातो. घरगुती बंदुकीची खरी उणीव इथे असते. आटे पाडलेली नळी गल्लीतल्या लेथवर सहज होत नाही. गुळगुळीत नळीतून निघालेला छर्रा वीस पावलांवर कुठे लागेल हे चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि उंदराच्या डोक्याचे मर्मस्थान नाण्याएवढे असते. म्हणजे नेम चुकला तर जनावर मरत नाही, जखमी होऊन फटीत शिरते आणि तिथे सडते. छर्रा अंगात घेऊन मेलेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर शिसे त्याच्या पोटात जाते.

हवेच्या बंदुकीचा इतिहास मात्र परसातला नाही. बार्थोलोमेउस जिरांडोनी याने 1780च्या सुमारास तयार केलेली रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने वापरली. तिचा दस्ता हीच हवेची टाकी होती, ती भरायला सुमारे दीड हजार वेळा पंप मारावा लागे, आणि मग वीसेक गोळ्या एकामागून एक सुटत. 1803 ते 1806 या काळात अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांनी वाटेतल्या मूळनिवासी जमातींना दाखवायला एक हवेची रायफल बरोबर ठेवली होती. हवेची बंदूक शेतकऱ्याच्या घरात आली ती मिशिगनमधल्या प्लिमथ गावातून. तिथली एक पवनचक्की कंपनी 1880च्या दशकाच्या उत्तरार्धात चक्की घेणाऱ्याला लहानशी एअरगन भेट देऊ लागली. थोड्याच वर्षांत चक्क्या बाजूला पडल्या, बंदुकांचा धंदा उरला आणि 1895 साली कंपनीने बंदुकीचेच नाव घेतले : डेझी.

घरगुती कारागिरीचे आजचे ठळक उदाहरण पश्चिम जावातले आहे. सुमेदांग जिल्ह्यातल्या चिपाचिंग गावात घराघरांतल्या छोट्या कारखान्यांत ‘सनापान आंगिन’, म्हणजे एअरगन, बनतात. नळी, दट्ट्या, लाकडी दस्ता अशी कामे वाटून घेणारी ही कारागीर वस्ती इंडोनेशियाभर प्रसिद्ध आहे. देशाच्या पोलीसप्रमुखांच्या 2012च्या नियमाने एअरगनचा वापर फक्त लक्ष्यवेधाच्या खेळापुरता ठेवला. प्रत्यक्षात ती बागेत, शेतात, तेलताडाच्या मळ्यात फिरते. फेब्रुवारी 2018 मध्ये पूर्व कालिमांतानमध्ये एका ओरांगउटानाच्या अंगात 130 छर्रे सापडले. ते जनावर वाचले नाही. पकडलेले लोक शेतकरी होते, आणि जनावराने लागवडीची नासाडी केली असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी सुमात्रात आचे प्रांतात सापडलेल्या मादीच्या क्ष-किरण चित्रात 74 छर्रे दिसले. तिचे दोन्ही डोळे गेले होते, जवळचे पिल्लू दगावले. वाचवणाऱ्यांनी तिचे नाव ‘होप’ ठेवले. ज्याच्या बागेत ओरांगउटान शिरतो त्याच्या दृष्टीने तो उपद्रवी प्राणीच असतो. संकटात सापडलेली दुर्मीळ जात वगैरे गोष्टी शहरात बसून बोलायच्या, हेही शेतकऱ्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण सत्तर छर्रे मारूनही जनावर जागेवर पडत नाही, म्हणजे त्या कामासाठी ते हत्यारच चुकीचे आहे.

गोळी घालून उपद्रव कमी होतो का, याचे एक उत्तर मुंबईत मिळाले होते. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी लहानपणी, 1906-07च्या सुमारास, चिमण्यांच्या एका घरट्यावर एअरगनने नेम धरला. आत मादी अंड्यांवर बसलेली, बाहेर खिळ्यावर नर राखणीला. नर पडला की थोड्याच वेळात दुसरा नर त्याच खिळ्यावर येऊन बसे. असे सात दिवसांत आठ नर पडले. ही नोंद त्यांनी पुढे प्रसिद्ध केली. 1908 साली त्यांनी मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे गेले, ती कथा प्रसिद्ध आहे; उपद्रवाच्या दृष्टीने मात्र खिळ्यावरचे आठ नर अधिक मोलाचे आहेत. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने हाच प्रयोग नकळत मोठ्या प्रमाणावर केला. 1961 ते 1985 या काळात तिथे गोळ्या घालून व सापळे लावून सुमारे एक लाख पारवे मारले गेले, तरी संख्या वीस हजारांच्या आसपास राहिली. 1988 पासून लोकांना दाणे टाकण्यापासून परावृत्त करण्याची मोहीम निघाली आणि पारव्यांची संख्या काही वर्षांत निम्म्यावर आली.

कायदा देशोदेशी वेगळा आहे. इंग्लंडमध्ये 12 फूट-पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे 16 ज्यूलच्या, एअर रायफलीला परवाना लागत नाही. स्कॉटलंडने 2016च्या अखेरीपासून तो सक्तीचा केला. भारतात शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा 20 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर परवाना हवा. त्याखालची बंदूक दुकानात मिळते, म्हणून ती कशावरही चालवता येते असा समज आहे, तो चुकीचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या व्याख्येत मारण्याचा प्रयत्नही शिकारच ठरतो. बुलबुल, मैना, पोपट हे सगळे संरक्षित आहेत. उपद्रवी प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूची 2022च्या दुरुस्तीने काढून टाकली. आता एखादी जात उपद्रवी ठरवायची तर केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढावी लागते. ईशान्येत प्रश्न उपद्रवाचा नसून ताटातल्या पाखरांचा होता. अरुणाचल प्रदेशात मार्च 2021 मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून ‘एअरगन सरेंडर अभियान’ सुरू झाले आणि लोकांनी आपणहून दोन हजारांहून अधिक बंदुका सरकारजमा केल्या.

महाराष्ट्रात पाखरे राखायला गोफण, पोरांच्या हातात बेचकी, ही जुनी साधने. अलीकडे माकडे आणि पाखरे पळवायला पाइपाची ‘कार्बाइड गन’ बाजारात आली. तिला गन म्हणत असले तरी ती एअरगन नव्हे. तिच्यात ज्वलनशील वायूचा स्फोट होतो. 2025च्या दिवाळीत तिने भोपाळमध्ये व मध्य प्रदेशात इतरत्र अनेक मुलांचे डोळे जायबंदी केले आणि तिथे तिच्यावर बंदी आली.

परसातल्या उंदरापुरते बोलायचे तर 6 मिलिमीटरच्या फटीतून लहान उंदीर आत येतो आणि 12 मिलिमीटरच्या भोकातून मोठा. सिमेंट, बारीक जाळी आणि झाकणाचा कचऱ्याचा डबा हे या कामी एअरगनपेक्षा जास्त उपयोगी पडतात.