‘ठक’ आणि ‘ठग’ : फसवणुकीच्या एका शब्दाचा इतिहास

‘मी ठकलो’ आणि ‘त्याने मला ठकवले’ ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवली, की मराठीच्या घडणीतील एक गोष्ट लक्षात येते. मूळ क्रियापद ‘ठकणे’ हे अकर्मक असून त्याचा कर्ता फसलेला माणूस आहे. फसवणाऱ्याला वाक्यात यायचे, तर प्रयोजक रूपाचा आधार घ्यावा लागतो. हिंदीत नेमके उलट आहे. तेथे ‘ठगना’ सकर्मक असून ठगणारा हा फसवणारा असतो. मराठीत ठकणारा हा फसलेला असतो. ही एकाच शब्दाची लहर नव्हे. फसणे–फसवणे, भुलणे–भुलवणे, चकणे–चकवणे, गंडणे–गंडवणे या जोड्या हीच रचना दाखवतात. ‘लुबाडणे’ हे मुळातच सकर्मक आहे. पण त्यात हिसकावून घेणे अधिक आणि भूल घालणे कमी. जेथे विश्वास हे साधन असते तेथे मराठी भाषा आधी फसणाऱ्याची नोंद घेते, असे निदान या शब्दसमूहापुरते म्हणता येईल.

‘ठक’ हे नाम मात्र फसवणाऱ्याचे आहे. क्रियापद एकाचे आणि नाम दुसऱ्याचे, अशी ही विभागणी. ‘ठकास महाठक’ ही म्हण याच विभागणीवर उभी आहे. तिच्यात कोणी कायमचा ठक नसतो. दुसरा भेटेपर्यंतच तो ठक, आणि भेटला की तोही ठकतो. म्हणजे ‘ठक’ ही एका व्यवहारातील भूमिका आहे. ती जातीची वा जन्माची खूण नाही. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो या भूमिकेची खूण कशी होत गेली, हा.

व्युत्पत्तीचा प्रश्न आधी हाताळू. संस्कृतात ‘स्थग्’ हा धातू ‘संवरण’, म्हणजे झाकणे, या अर्थाने येतो आणि ‘स्थग’ हा शब्द कोशांत धूर्त या अर्थाने नोंदला गेला आहे. झाकणारा तो ठक, हा अर्थविस्तार सहज पटण्यासारखा आहे. विधिमंडळातील ‘स्थगन प्रस्ताव’ही याच धातूचा, त्यावरून कोणी विनोद केल्यास व्याकरण त्याला अडवू शकणार नाही. आद्य ‘स्थ’चा ‘ठ’ होणेही नवे नाही; ‘स्थान’चे ‘ठाण’ झालेच आहे. अडचण पुढच्या व्यंजनाची आहे. दोन स्वरांमधील एकेरी ‘ग’ प्राकृतातून येताना सहसा टिकत नाही. ‘नगर’चे ‘नेर’ झाले ते संगमनेर, अमळनेर या गावांच्या नावांत आजही दिसते. तेव्हा ‘ठग’मधला ‘ग’ टिकला, त्या अर्थी मधल्या अवस्थेत तो जोड असला पाहिजे. पंजाबी ‘ठग्ग’ त्याची साक्ष देतो. इतके मान्य केले तरी मराठीतला ‘क’ उरतोच. शब्दान्ती ‘ग’चा ‘क’ व्हावा असा मराठीचा नियम नाही.

येथे ‘ठाकणे’, ‘थकणे’ आणि ‘थक्क’ या शब्दकुटुंबाकडे पाहावे असे वाटते. थांबणे, खिळणे, अवाक् होणे हा त्याचा अर्थगाभा. फसवणूक उमगल्याच्या क्षणी माणूस जसा जागच्या जागी उभा राहतो, ती अवस्था ‘ठकणे’त आहे. झाकण्याचा धातू आणि खिळण्याचा धातू मराठीत एकमेकांजवळ आले असावेत. त्यातूनच ‘ठक’मधला ‘क’ आला असावा आणि क्रियापद फसलेल्याच्या बाजूला झुकले असावे, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे. तर्काहून अधिक वजन त्याला देऊ नये. परंतु एकाच मूळ शब्दाची साखळी ओढत बसण्यापेक्षा शेजारच्या शब्दांचा ओढा तपासणे अशा ठिकाणी अधिक फलदायी ठरते.

‘ठग’ हे दुसरे रूप आजच्या मराठीत आपण वापरतो ते निराळ्या रंगाने. ठक हा बाजारात, नात्यात, कुळकथेत भेटणारा लबाड. ठग म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो रुमालाने गळा आवळणारा, मध्य हिंदुस्थानातील रस्त्यांवरचा खुनी. ही प्रतिमा घडवण्यात एका कोशाचा मोठा वाटा आहे. १८३१मध्ये मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश मुंबईत निघाला. पुढे पाचच वर्षांनी, १८३६मध्ये, विल्यम स्लीमनचा ‘रामसीयाना’ कलकत्त्यास प्रसिद्ध झाला; ठगांच्या ‘रामसी’ नामक गुप्त बोलीचा तो शब्दसंग्रह होता. दोघेही कंपनीच्या लष्करातले अधिकारी. एकाने एका प्रदेशाची भाषा कोशात आणली, दुसऱ्याने एका गुन्ह्याला भाषा असल्याचे सिद्ध केले. आणि गुन्ह्याला भाषा आहे म्हटल्यावर तो गुन्हा करणाऱ्यांचा एक समाज आहे, हा निष्कर्ष आपोआप आला. कोशरचना ही निरुपद्रवी विद्या आहे असे मानणाऱ्यांनी ‘रामसीयाना’ अवश्य चाळावा.

स्लीमनची सामग्री मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून आली होती. ती किती विश्वसनीय, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. ठगी ही केवळ वासाहतिक कल्पना होती, हे एक टोक. किम वॅगनर यांनी २००७च्या आपल्या ग्रंथात त्या काळच्या लुटारूपणाचा स्थानिक सामाजिक संदर्भ उभा करून हे टोक पुष्कळसे बोथट केले आहे. वाटसरूंचे खून झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. आपला प्रश्न वेगळा आहे: त्या खुनांना जे नाव मिळाले त्या नावाचे पुढे काय झाले?

‘रामसीयाना’च्या शब्दसंग्रहात गळा आवळणाऱ्या ‘भुर्तोट’इतकेच महत्त्व वाटसरूला बोलण्यात गुंतवून त्याचा विश्वास मिळवणाऱ्या ‘सोथा’ला आहे. म्हणजे ठगीच्या या चित्रातही विश्वासघात हेच मर्म होते. कायद्यात मात्र ते हळूहळू नाहीसे होते. १८३६च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीशी संबंध असल्याचे शाबीत होणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरवले. संबंध कायद्यापूर्वीचा की नंतरचा, कंपनीच्या मुलखातला की बाहेरचा, हा प्रश्नच ठेवला नाही. ठग म्हणजे कोण, याची व्याख्याही तेथे नव्हती. ती आली १८६०च्या दंडसंहितेच्या ३१०व्या कलमात: खुनाच्या द्वारे वा खुनासह दरोडा किंवा मुले पळवणे यांसाठी इतरांशी नित्य संबंध ठेवणारा तो ठग. या व्याख्येत फसवणुकीचा शब्दही नाही. ज्या शब्दाचा अर्थच फसवणूक, त्याच्या कायदेशीर व्याख्येतून फसवणूक वगळली गेली आणि तिला त्याच संहितेत पुढे, ४१५ ते ४२० या कलमांत, स्वतंत्र जागा मिळाली. इंग्रजीत गेलेला ‘ठग’ तर केवळ दांडगट उरला. तो फसवत नाही, मारतो. १८३९मधील मेडोज टेलर यांच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीत हा शब्द अजून दोन्ही अर्थांच्या सीमेवर आहे. तिचा निवेदक अमीर अली गोड बोलतो, आणि वाचक त्याच्या गोड बोलण्यात गुंतत जातो. साहेबापुढे दिलेली जबानी हा कादंबरीचा घाट ठरतो, ही बाब साहित्याच्या अभ्यासकांना आणखी एका लेखाचा विषय पुरवील.

व्यवहाराचा शब्द समूहाला चिकटण्याची ही प्रक्रिया मराठी मुलखात ‘भामटा’ आणि ‘उचल्या’ या शब्दांबाबत अधिक जवळून पाहता येते. ‘भामटा’ हा आपल्या रोजच्या भाषेत ‘ठक’चा पर्याय; ‘भामटेगिरी’ हे भाववाचक नामही त्यावरून झाले. ‘उचल्या’ तर उघडच ‘उचलणे’ या क्रियापदावरून आलेला. आणि हीच दोन नावे इंग्रजी अमदानीच्या जातिवर्णनांत माणसांच्या समूहांची नावे म्हणून नोंदली गेली. समूहाचे नाव आधी आणि लबाडीचा अर्थ नंतर, की उलट, हा वाद घालण्यात अर्थ आहे. परंतु कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा जन्माशी बांधला. १९११च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई व मद्रास इलाख्यांपर्यंत आणली. हजेरी, परवाने आणि सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारेच्या कुंपणातल्या वसाहती, हे त्या एका नामकरणाचे व्यावहारिक रूप होते. ‘ठकास महाठक’मधली अदलाबदलीची मोकळीक येथे संपली. ठक हा उद्या ठकणारा होऊ शकतो. नोंदवहीतला भामटा झोपेतही भामटाच.

याचा सारा दोष इंग्रजी अमदानीवर ढकलणे सोयीचे असले तरी खरे नाही. विशिष्ट माणसांना वेशीबाहेर ठेवण्याची सवय गावाला आधीपासून होती. कायद्याने तिला छापील रकाने दिले, एवढेच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि ‘गुन्हेगार’च्या जागी ‘विमुक्त’ हे विशेषण आले. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावे आहेत. त्यांत ‘भामटा’ आहे आणि ‘राजपूत भामटा’ही आहे. म्हणजे ज्या शब्दाने वृत्तपत्र चोराचा मथळा करते, तोच शब्द एखाद्या विद्यार्थ्याच्या जातीच्या दाखल्यावर असतो. अशा समाजांना आपण ‘वंचित’ म्हणतो. या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ ‘फसवलेला’ असा आहे, हे बोलताना आपल्या ध्यानात नसते.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचे शीर्षक पाहिले पाहिजे. ‘उचल्या’ १९८७मध्ये आले, १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, आणि त्यावर विपुल लिहिले गेले. ते बहुतेक अनुभवाच्या दाहकतेविषयी होते. शीर्षकाची भाषिक कृती मात्र उपेक्षित राहिली असे वाटते. जो शब्द इतरांनी आरोप म्हणून वापरला तो लेखक पुस्तकावर, आपल्या नावाच्या शेजारी छापतो, आणि नामाला पुन्हा क्रियापदाकडे वळवतो. कोण उचलतो, का उचलतो, उचलायला कोणी शिकवले आणि त्यातला वाटा कोणाकोणाला पोचतो, हे प्रश्न त्या एका शब्दातून उभे राहतात. नोंदवहीने क्रियेचा माणूस केला होता. आत्मकथन माणसाच्या मागची क्रिया दाखवते. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची समीक्षा करताना शीर्षकांचा असा व्याकरणाच्या अंगाने विचार व्हायला हवा. ‘उपरा’लाही तो लागू पडेल.

दंडसंहितेने आपल्या भाषेला फसवणुकीचा आणखी एक शब्द दिला, तोही आकड्याच्या रूपात. ‘चारसोबीस’ हे विशेषण ४२०व्या कलमातून आले आणि १९५५च्या ‘श्री ४२०’ने ते घरोघरी पोचवले. ते कोणालाही लावता येते, मंत्र्याला, सावकाराला, प्राध्यापकालाही. ते ऐकून कोणाची जात आठवत नाही. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली. फसवणुकीचे कलम आता ३१८ झाले आहे आणि ‘ठग’ची व्याख्या नव्या संहितेत घेतलेली नाही. ‘तीनशे अठरा माणूस’ असे अद्याप कोणी म्हणत नाही. ‘भामटा’ मात्र मथळ्यातही आहे आणि दाखल्यावरही.