१९५६ सालचा न दिसणारा वर्ग

'व्हर्च्युअल वर्ल्ड'ला मराठीत 'आभासी जग' म्हणतात. मला हा शब्द कधीच पटला नाही. आभास म्हटलं की फसवणुकीचा वास येतो. शाळेच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळाच आहे. एकमेकांपासून लांब बसलेली माणसं, आपण सगळे एकाच ठिकाणी आहोत असं धरून, एकत्र शिकू शकतात का? मंडळी, याचं एक उत्तर आपल्या नगर जिल्ह्याने संगणक यायच्या कितीतरी आधी दिलेलं आहे. पण त्याआधी थोडं संगणकाबद्दल.

२००३ मध्ये 'सेकंड लाइफ' नावाचं जग इंटरनेटवर सुरू झालं. तिथे तुमची एक बाहुली असते, ती चालते, उडते, घर बांधते. दोन-चार वर्षांत जगभरच्या विद्यापीठांनी तिथे बेटं विकत घेतली आणि त्यावर काय बांधलं? तर व्याख्यानाची सभागृहं! खुर्च्यांच्या रांगा, समोर पडदा. म्हणजे जिथे उडता येतं तिथेही विद्यार्थ्याने खुर्चीतच बसायचं. :-) २०१० मध्ये कंपनीने शिक्षणसंस्थांची सवलत काढून घेत असल्याचं जाहीर केलं आणि बरीच विद्यापीठं गाशा गुंडाळून निघाली.

त्याच सुमारास हार्वर्डच्या ख्रिस डीड यांच्या गटाने शाळकरी मुलांसाठी 'रिव्हर सिटी' नावाचं एक गाव संगणकात वसवलं होतं. एकोणिसाव्या शतकातलं नदीकाठचं अमेरिकन गाव. तिथे लोक आजारी पडताहेत. कुणाचा आजार पाण्यातून आलेला, कुणाचा डासांमुळे, कुणाचा हवेतून. मुलांनी लहान लहान टोळ्या करून गावात फिरायचं, पाण्याचे नमुने घ्यायचे, इस्पितळाच्या नोंदी वाचायच्या, लोकांशी बोलायचं, आपापसात वाद घालायचा आणि शेवटी गावच्या महापौराला पत्र लिहायचं की बाबा रे, रोगाचं कारण अमुक आहे असं आम्हाला वाटतं. या पत्रावर मी अडकलो, कारण पत्रावरूनच मला पुणे आकाशवाणी आठवली.

१९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने एक प्रयोग केला, रेडिओ शेतकरी मंडळांचा. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच जिल्हे निवडले : पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. त्यातली सुमारे दीडशे गावं. १९ फेब्रुवारीपासून २६ एप्रिलपर्यंत, दहा आठवडे, दर रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम. एकूण वीस. प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ, त्याचा एक अध्यक्ष आणि एक संयोजक. कल्पना मूळची कॅनडाची, तिथे १९४१ पासून शेतकरी असे एकत्र बसून रेडिओ ऐकत होते.

आता त्या काळचा आपला जिल्हा डोळ्यासमोर आणा. उत्तरेला प्रवरेचा कालवा, ऊस, १९५० मध्ये गाळप सुरू झालेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना. दक्षिणेला पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी, म्हणजे पावसाकडे डोळे लावून बसलेला मुलूख. ट्रान्झिस्टर अजून खेड्यापाड्यात पोचायचा होता. रेडिओ म्हणजे गावाचा मिळून एक, अवजड संच. पुणे केंद्र स्वतः जेमतेम अडीच वर्षांचं, १९५३ च्या ऑक्टोबरात सुरू झालेलं.

अशा गावांतली माणसं दिवस मावळताना रेडिओभोवती जमायची. नुसता रेडिओ ऐकून घरी जायचं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. कार्यक्रम संपला की संच बंद, आणि मग मंडळाची चर्चा. बियाणं, खत, आरोग्य, साक्षरता, पंचायत, जो विषय असेल त्यावर. रेडिओवाल्या साहेबांचं म्हणणं आपल्या गावात लागू पडतं का? पडत नसेल तर का नाही? चर्चेतले मुद्दे आणि शंका संयोजक कागदावर उतरवायचा आणि पुण्याला पाठवायचा. पुढच्या कार्यक्रमांमध्ये त्यातल्या शंकांना उत्तरं मिळायची.

जरा कल्पना करा. तुम्ही विचारलेल्या शंकेचं उत्तर त्या पेटीतून येतंय, आणि ते ऐकायला कोल्हापूरकडचं एक मंडळ आणि नाशिककडचं एक मंडळ त्याच घटकेला बसलंय. त्यांना तुम्ही पाहिलेलं नाही, कधी पाहणारही नाही. तरी त्यांची अडचण तुम्हाला ठाऊक आहे आणि तुमची त्यांना. पाच जिल्ह्यांचा एक वर्ग भरला होता आणि तो कुठल्याच इमारतीत नव्हता. याला व्हर्च्युअल म्हणायचं नाही तर कशाला?

प्रयोगाचं मोजमाप मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत झालं आणि ते पॉल न्यूरॅथ यांनी केलं. (थोडं विषयांतर, पण हा माणूस सांगण्यासारखा आहे. व्हिएन्नाचा. नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांमधून जिवंत सुटून अमेरिकेला गेला, समाजशास्त्रज्ञ झाला आणि पुढे आपल्याकडे आला. वडील ओटो न्यूरॅथ म्हणजे सामान्य माणसाला आकडेवारी कळावी म्हणून चित्रलिपी तयार करणारे. लोकांना शिकवण्याचं वेड घराण्यातच होतं म्हणायचं.) न्यूरॅथ यांनी मंडळं असलेली गावं, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं आणि रेडिओच नाही अशी गावं, तिन्हींची तुलना केली. प्रयोगाआधी आणि नंतर लोकांना काय माहीत आहे ते तपासलं. मंडळाच्या गावांत माहिती भरपूर वाढली होती. नुसता रेडिओ असलेली गावं त्यांच्या आसपासही नव्हती. शिवाय मंडळं हळूहळू गावाच्या कामाचे निर्णय घेणारी जागा बनू लागली होती. मथुर आणि न्यूरॅथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला.

त्याच वर्षी योजना देशभर नेली. मंडळं हजारोंनी वाढली, पण त्या दीडशे गावांइतकी काळजी हजारोंची कोण घेणार? संयोजकाला शिकवायला हवं, त्याच्या पत्राला वेळेवर उत्तर जायला हवं. आवाज पोचवणं स्वस्त होतं. परतीची वाट महाग होती, आणि माझ्या मते योजना तिथेच पातळ झाली.

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा हेच पुन्हा दिसलं. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येत होता. आणणाऱ्यांचे कष्ट नाकारायचे नाहीत. पण कितीतरी घरांत ते एकाच बाजूने वाहणारं पाणी होतं. पोराला काय कळलं नाही हे परत कोण नेणार? जिथे गुरुजी किंवा बाई पारावर, ओट्यावर चार-चार मुलं घेऊन बसल्या तिथे गाडी चालली. त्याच वर्षी डिसेंबरात शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. त्यांच्या व्हर्च्युअल सहलींचं कौतुक सगळ्यांनी केलं. मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की दोन्ही टोकांना मुलं आणि शिक्षक होते आणि दोघंही बोलत होते.

आता शाळांमध्ये डोळ्यांवर चढवायचे व्हीआर चष्मे येऊ लागलेत. एका मुलाच्या डोळ्यांवर चष्मा, बाकीची तीस रांगेत उभी. त्या एकाला चंद्र दिसतो, पण तो तिथे एकटाच असतो. मुलांना एकत्र काही बांधायला लावणारं 'माइनक्राफ्ट'चं शाळेसाठीचं रूप त्यापेक्षा मला बरं वाटतं. तिथे निदान भिंत कुठे घालायची यावरून भांडण तरी होतं.

घरात पंच्याऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर गावच्या रेडिओबद्दल जरूर विचारा. कोण जमायचं, आणि पुण्याला पत्र कोण लिहायचं, तेही.